आधी पाटी वाचा, मग बाजार गाठा

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, खानापूर, जत या पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांची पेस्टची, औषधांची आणि मजुरांची जुळवाजुळव सुरू झाली आहे. कोणते औषध कधी मारावे यावर गावोगाव चर्चासत्रे झाली, पुढेही होतील. पण ज्या यंत्राने ते औषध बागेत मारायचे, त्या छोट्या ट्रॅक्टरचे आणि त्यामागच्या ब्लोअरचे पूर्ण नाव किती बागायतदारांना सांगता येईल? शेतकरी बंधूंनो, हा प्रश्न थट्टेचा नाही. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत पाऊस झाला, पाने ओली राहिली आणि ढगाळ हवा टिकली, तर डाऊनी तुमच्यासाठी थांबत नाही. नेमक्या त्याच दिवशी ब्लोअरचे बेअरिंग गेले आणि दोन दिवस पार्टच्या शोधात गेले, तर घड हातचे जातात. वर्षाचे पीक काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी जाते, हे आपल्या भागात नवीन नाही.

अशा वेळी काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. मोडलेला भाग फडक्यात गुंडाळून माणूस मोटारसायकलवर टांग टाकतो. जतच्या पूर्व भागातून सांगलीला यायचे म्हणजे एका बाजूचेच शंभरावर किलोमीटर होतात. दुकानात गर्दी. काउंटरवरचा पोऱ्या विचारतो, "पाहुणं, मॉडेल कुठलं?" उत्तर मिळते, "लाल हाय. ल्हान. चार-पाच वर्सं झाली घेऊन." लाल तर अनेक कंपन्यांचे आहेत. मग फडके सोडले जाते, तुकडा उलटापालटा होतो, अंदाजाने एक नग दिला जातो. घरी येऊन बसवायला जावे तर दोन सूत मोठा. परत मोटारसायकल, परत शंभर किलोमीटर. दुकानदार इलेक्ट्रिकचा किंवा इंजिनाचा माल परत घेत नाही, म्हणून पैसेही गेले.

यात दुकानदाराची चूक थोडी असते आणि आपली सवय जास्त नडते. बैल घेताना आपण दात बघतो, शिंगे बघतो, खोड बघतो. लाखो रुपयांचा ट्रॅक्टर घेताना मात्र पाटीवर काय लिहिले आहे हे वाचत नाही.

प्रत्येक ट्रॅक्टरवर कंपनीने एक पत्र्याची पाटी ठोकलेली असते. कुठे ती सीटजवळ किंवा मडगार्डच्या आत असते, कुठे डॅशबोर्डखाली, कुठे गिअर बॉक्सच्या अंगावर. तिच्यावर मॉडेल, सिरियल किंवा चासी नंबर, इंजिन नंबर आणि बहुधा बनावटीचा महिना-वर्ष असते. चासी नंबर, इंजिन नंबर आणि बनावटीचा महिना वाहनावर ठोकून उमटवलेला असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 122 वा नियम सांगतो. म्हणजे पाटी पडली तरी अंगावर कोरलेला नंबर सापडतो. इंजिन नंबर बहुतेक वेळा ब्लॉकच्या अंगावर सपाट केलेल्या जागी असतो. त्यावर तेल, धूळ आणि रंगाचा थर बसलेला असतो. डिझेलच्या बोळ्याने पुसा. वायर ब्रश घासू नका, कोरीव अक्षर पुसट होते. आमच्याकडे आणखी एक प्रकार आहे. नव्या गाडीवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' असे रेडियम लावताना रेडियमवाला नेमकी पाटीच झाकून टाकतो. आशीर्वाद मडगार्डच्या बाहेरच्या बाजूला घ्यावा, पाटी मोकळी ठेवावी.

हे तिन्ही नंबर वेगवेगळ्या कामाचे आहेत. मॉडेल म्हणजे यंत्राचे घराणे. सिरियल नंबर म्हणजे त्याचे आधार कार्ड. कंपनी एकच मॉडेल दहा-पंधरा वर्षे विकते, पण मधल्या काळात पंप बदलते, क्लच बदलते, एखाद्या शाफ्टचे दात बदलते. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये अमुक सिरियलपर्यंत हा पार्ट आणि तिथून पुढे तो पार्ट, अशी नोंद असते. त्यामुळे नुसते मॉडेल सांगून इंजिनाचा किंवा हायड्रोलिकचा पार्ट घेणे म्हणजे आडनावावरून माणूस शोधण्यासारखे आहे.

मॉडेल सांगतानाही अर्धे सांगू नका. "दोनशे पंच्याहत्तर" म्हटले की महिंद्रा कळते, पण 275 डीआय हा आकडा भूमिपुत्र, सरपंच, एक्सपी प्लस अशा निरनिराळ्या नावांखाली बाजारात आला आहे. छोट्या ट्रॅक्टरात युवराज 215 आहे आणि युवराज 215 एनएक्सटी आहे. आकड्यामागचे शेपूट हे सजावट म्हणून लावलेले नसते. पाटीवर जेवढी अक्षरे आहेत तेवढी सगळी, टिंब आणि आडव्या रेघेसकट, उतरवून घ्या.

बॉनेटवरचे नाव फसवते, याची दुसरी बाजूही आहे. कंपन्या विकल्या जातात, नावे बदलतात, कारखाने बंद पडतात. आयशरचा ट्रॅक्टर विभाग 2005 साली टॅफेने घेतला. पंजाब ट्रॅक्टर्स म्हणजे स्वराज, ती 2007 साली महिंद्राकडे गेली. एस्कॉर्ट्सने एकेकाळी फोर्ड नावाने ट्रॅक्टर विकले, पुढे त्याच कंपनीचे फार्मट्रॅक आले, आणि 2022 पासून कंपनीचेच नाव एस्कॉर्ट्स कुबोटा झाले. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ऑक्टोबर 2016 मध्ये घेतला. म्हणून ज्यांच्या दारात एचएमटी 5911 किंवा 3522 उभा आहे, त्यांनी तो भंगारात काढावा असे मुळीच नाही. त्याचे सुटे भाग बनवणारे आणि ठेवणारे अजून आहेत. मात्र शोरूममध्ये जाऊन मागायचे दिवस संपले. आता कॅटलॉगमधला पार्ट नंबर हातात असेल तरच दुकानदार तो मागवून देऊ शकतो. डिझेल पंपावर 'मायको' लिहिलेले असेल तर ती कंपनी 2008 पासून बॉश या नावाने ओळखली जाते, एवढे माहीत असले तरी पंप-नोझलवाल्याकडचा अर्धा गोंधळ मिटतो. पंपाच्या पाटीवरचा आणि नोझलच्या अंगावरचा नंबर वेगळा लिहून ठेवा. भलते नोझल बसवले तर गाडी काळा धूर ओकते, डिझेल खाते, आणि वेळीच काढले नाही तर पिस्टनवर येते.

नाव एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत बंगल्याभोवतीचे गवत कापायला बसून चालवायचे छोटे ट्रॅक्टर असतात. तिथल्या सिअर्स नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने 'क्राफ्ट्समन' नावाने असे ट्रॅक्टर वर्षानुवर्षे विकले, पण ते ती स्वतः बनवत नव्हती. सीटखालच्या पाटीवरच्या मॉडेल नंबरातले टिंबाआधीचे तीन आकडे खरा कारखाना सांगत. 917 असेल तर एक कारखाना, 247 असेल तर दुसरा. 2017 साली क्राफ्ट्समन हे नाव दुसऱ्या कंपनीला विकले गेले आणि 2018 साली सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरीही तिथला माणूस त्या तीन आकड्यांच्या आधाराने कोणाचा पार्ट शोधायचा हे जाणतो. बॉनेटवरच्या नावाने शोधत बसला असता तर ट्रॅक्टर अंगणात गंजला असता.

हाच प्रकार आपल्याकडे पॉवर वीडरच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. गेल्या काही वर्षांत अनुदानावर आणि अनुदानाशिवायही वीडर आणि छोटे टिलर गावागावांत आले. त्यातले बरेच बाहेरच्या देशात बनलेले, इथे येऊन निळा, हिरवा, नारिंगी रंग आणि एखादे देशी नाव घेतलेले. जुलै 2020 मध्ये केंद्राने पॉवर टिलर आणि त्याच्या मुख्य भागांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. कारण काही का असेना, काही विक्रेत्यांनी दुकान गुंडाळले की त्यांचे स्टिकर लावलेल्या यंत्रांना बाजारात वाली उरत नाही. शेतकरी म्हणतो, "कंपनीच ऱ्हायली नाय, पार्ट कुठनं आणू?" आणि वीडर गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्या बसायला जातो.

असा वीडर ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक काम करावे. स्टिकर विसरा, इंजिनाच्या अंगावर काय कोरले आहे ते वाचा. बहुतेक यंत्रांवर 168एफ, 170एफ, 178एफ, 186एफ किंवा 188एफ असा काहीतरी आकडा दिसेल. याची गोम सोपी आहे. पहिला 1 म्हणजे एक सिलिंडर. पुढचे दोन आकडे म्हणजे सिलिंडरचा बोअर मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे हवेने थंड होणारे इंजिन. म्हणजे 168एफ हे 68 मिलिमीटर बोअरचे, 170एफ हे 70 मिलिमीटरचे. ही दोन आणि 188एफ बहुधा पेट्रोलची, तर 178एफ आणि 186एफ डिझेलची. पाण्याने थंड होणाऱ्या आडव्या डिझेल इंजिनांतही तोच हिशेब आहे. 195 म्हणजे एक सिलिंडर, 95 मिलिमीटर. 1100 म्हणजे एक सिलिंडर, 100 मिलिमीटर.

या नंबराची इंजिने डझनांनी कारखाने एकाच नमुन्यावर बनवतात. 168एफ हे होंडाच्या जीएक्स 160 आणि जीएक्स 200 या इंजिनांच्या धर्तीचे. त्यातही 168एफ-1 आणि 168एफ-2 असा फरक आहे. बोअर दोन्हींचा सारखाच, 68 मिलिमीटर. पण पिस्टनचा पल्ला एकात 45 आणि दुसऱ्यात 54 मिलिमीटर, म्हणून क्रँक वेगळा. तेव्हा आडव्या रेघेनंतरचा आकडा सोडू नका. एकदा हा नंबर कळला की स्टिकर कोणत्याही नावाचे असो, पिस्टन, रिंग, गॅस्केट, कार्बुरेटर, वाल्व हे त्या नमुन्याचे मागता येते. कंपनी गेली, इंजिन गेले नाही. गिअर बॉक्स आणि दात्यांच्या बाबतीत मात्र हे लागू नाही. तिथे कारखान्यागणिक फरक असतो, आणि नमुना घेऊन जाण्यावाचून गत्यंतर नाही.

वीडरला आरसी बुक नसते. त्याची पावती हाच त्याचा जन्मदाखला. त्यामुळे पावतीवर इंजिन नंबर आणि मॉडेल पूर्ण लिहून घेतल्याशिवाय यंत्र टेम्पोत चढवू नका. "नंतर लिहून देतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे नंतर कोणी जात नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

आता दुसरी गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत जास्त पैसे वाचवते. यंत्रातले सगळेच भाग त्या कंपनीचे नसतात. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, पीटीओचा क्रॉस, नट-बोल्ट हे जगभर ठरलेल्या मापाचे असतात. ते कंपनीच्या पुडीत घ्या नाहीतर बेअरिंगच्या दुकानात घ्या, माप तेच. फक्त नंबर वाचता आला पाहिजे.

बेअरिंगच्या कडेवर 6205 असा आकडा कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा. 05 गुणिले 5 म्हणजे 25 मिलिमीटरचा शाफ्ट. 06 म्हणजे 30, 08 म्हणजे 40. हा हिशेब 04 पासून पुढे चालतो. त्याआधीचे पाठ करावे लागतात: 00 म्हणजे 10, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15 आणि 03 म्हणजे 17 मिलिमीटर. मधला आकडा बेअरिंग किती दणकट ते सांगतो. 6005, 6205 आणि 6305 हे तिन्ही 25 मिलिमीटरच्या शाफ्टवर बसतात, पण बाहेरून पहिले 47, दुसरे 52 आणि तिसरे 62 मिलिमीटरचे. "पंचवीसच्या शाफ्टचे बेअरिंग द्या" असे म्हणून चालत नाही ते यासाठी. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, 2आरएस असेल तर रबराचे. ब्लोअरसारख्या औषध-पाण्यात भिजणाऱ्या जागी रबराचे झाकण बरे. सी3 लिहिलेले असेल तर आत थोडी जास्त फट ठेवलेली असते, गरम होणाऱ्या जागेसाठी. तिथे साधे बेअरिंग ठोकले तर ते तापून धरण्याचा धोका असतो. आणि नंबर पार घासून गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, ही तीन मापे व्हर्नियरने घ्या. गावातल्या लेथवाल्याकडे व्हर्नियर असतोच.

ऑइल सीलवर 35-52-7 अशी तीन मापे असतात. आधी शाफ्ट, मग बाहेरचे घर, मग जाडी. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. मिस्त्री घाईत उलटे बसवतो आणि आपण सीलच्या दर्जाला शिव्या देतो.

व्ही पट्ट्यावर ए, बी, सी अशी जात आणि पुढे लांबी असते. ए पट्टा वरून 13 मिलिमीटर रुंद, बी 17, सी 22. बी-52 म्हणजे बी जातीचा, आतून 52 इंच. जुना पट्टा ताणलेला असतो, त्याला दोरी लावून माप घेतले तर नवा एखादा इंच मोठा येतो. त्यावरचा छापलेला नंबर नवा असतानाच लिहून ठेवावा. एचटीपी पंपाला दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना लावला की सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

पीटीओच्या क्रॉसला दोनच मापे लागतात, टोपीचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी. 22 बाय 54 आणि 27 बाय 74.6 ही नेहमीची. शाफ्टचे दात मोजून घ्या. नेहमीचा 540 फेऱ्यांचा पीटीओ सहा दाती, 35 मिलिमीटरचा असतो, पण छोट्या यंत्रांत गृहीत धरू नका.

इंजिन एकदा उघडले असेल तर आणखी एक नोंद हवी. बोअर केल्यावर पिस्टन स्टँडर्ड राहत नाही, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठा बसतो. क्रँक घासला तर बेअरिंग तेवढेच कमी मापाचे लागते. कोणत्या वर्षी कितीचा पिस्टन बसवला हे मिस्त्रीच्या डोक्यात राहते. मिस्त्री पुण्याला गेला की ते डोकेही पुण्याला जाते. त्याच्याकडून वहीत लिहून घ्या.

दोन बारीक गोष्टी. लोखंडी घडाईवर जी अक्षरे ओतीव, उठावदार असतात, तो बहुतेक वेळा साच्याचा नंबर असतो, पार्ट नंबर नव्हे. एकाच साच्याच्या ओतिवातून दोन वेगळी भोके पाडून दोन पार्ट बनतात. आणि डावे-उजवे नेहमी सीटवर बसून, तोंड पुढे करून ठरते. गाडीपुढे उभे राहून सांगितले की उलटे होते. रोटाव्हेटरची पातीही डावी-उजवी वेगळी असतात.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. आरसी बुकातला चासी नंबर, पाटीवरचा आणि लोखंडावर कोरलेला, हे तिन्ही आधी जुळवा, मग इसाराचे पैसे मोजा. इंजिन बदललेल्या गाड्या बाजारात फिरतात. एका मॉडेलच्या अंगात दुसऱ्याचे इंजिन असेल आणि तुम्हाला ते माहीत नसेल, तर पुढची पाच वर्षे तुम्ही चुकीचे फिल्टर आणि चुकीचे गॅस्केट विकत घ्याल. नंबरच जुळत नसतील तर मामला पार्टच्या पलीकडचा आहे. तिथून उठून यावे.

डुप्लिकेट मालाबद्दल बरेच बोलले जाते. आमचे मत असे की प्रत्येक लोकल पार्ट वाईट नसतो आणि प्रत्येक चकचकीत खोके ओरिजिनल नसते. मडगार्ड, सीट, आरसा, सायलेन्सर चांगला लोकल चालतो. पिस्टन, रिंग, नोझल, क्लच प्लेट, ब्रेकचे सामान आणि स्टिअरिंगचे जोड यात काटकसर नको. पण दोन्ही ठिकाणी पक्की पावती घ्या आणि तीवर पार्ट नंबर लिहायला लावा. नुसते "बेअरिंग 1 नग" लिहिलेली पावती उद्या कामाची नाही. पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. "पावती घेतली तर टॅक्स पडेल, पाहुणं" या जुन्या वाक्यातही आता दम नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ठरावीक सुटे भाग यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बेअरिंगसारख्या सर्वसाधारण मालाचा दर वेगळा असू शकतो, तो पावतीवर पाहून घ्यावा.

हे सगळे शेतकऱ्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींचाही यात वाटा आहे. अनुदानाच्या यंत्राची मोका तपासणी होते, फोटो काढला जातो. फोटोत शेतकरी दिसतो, हार दिसतो, यंत्राचा रंग दिसतो. पाटी दिसत नाही. कृषी सहायकांनी, ज्यांचे पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झाले आहे, त्यांनी दुसरा एक फोटो फक्त पाटीचा आणि तिसरा कोरलेल्या इंजिन नंबराचा घ्यावा. त्याला एक मिनिट लागते. त्यातून तेच यंत्र दोनदा दाखवण्याचे प्रकारही आपोआप बंद होतात. गावाच्या औजार बँकेचा रजिस्टर चालवणाऱ्यांनी 'ट्रॅक्टर 1, रोटाव्हेटर 1' एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक यंत्रापुढे मॉडेल, सिरियल, इंजिन नंबर, पट्ट्यांचे आणि बेअरिंगचे नंबर यांचा एक रकाना असावा. औजार बँकेचे यंत्र दहा हातांतून फिरते, सर्वांत आधी मोडते, आणि त्याचा नंबर कोणालाच माहीत नसतो.

याहून मोठा उपयोग तालुक्याला होईल. कोणत्या मॉडेलची किती यंत्रे तालुक्यात आहेत हे कागदावर आले, तर हंगामाआधी विक्रेत्यांना बसवून सांगता येईल की ही यंत्रे इथे एवढी आहेत, यांचे हे दहा-बारा भाग छाटणीच्या आत तुमच्या दुकानात हवेत. आज विक्रेता म्हणतो, मागणी कळत नाही. मागणी आमच्याच अनुदानाच्या फायलीत पडून आहे, फक्त मॉडेलवार लावलेली नाही. ज्या विक्रेत्याने गेल्या हंगामात सुटे भाग दिले नाहीत, त्याचे नाव नवीन यंत्र घेणाऱ्याला सांगायला हरकत कसली? अनुदानासाठी यंत्र निवडताना शेतकरी किंमत बघतो, एचपी बघतो. पार्ट किती किलोमीटरवर मिळतो हा रकाना कोणत्याच पत्रकात नसतो, तो असायला हवा असे आमचे स्पष्ट मत आहे.

घेण्याआधी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, अशाच आणखी संस्था आणि विद्यापीठांची केंद्रे आहेत. त्यांच्या अहवालात इंजिनाचा बोअर, पंप आणि नोझल कोणत्या बनावटीचे, क्लचचे माप असा तपशील असतो. जाड पुस्तक आहे आणि इंग्रजीत आहे, पण मिस्त्रीच्या हातात दिले तर त्याला हवे ते पान सापडते. त्याचबरोबर पार्ट कॅटलॉगची प्रतही मागा. ती देणे विक्रेत्याच्या फायद्याचेच आहे.

खंडेनवमीला आपण यंत्र धुतो, पुसतो, हळदकुंकू लावतो. यंदा हळदकुंकवाआधी पाटी स्वच्छ करा आणि घरातल्या पोराला मोबाईलने तिचा जवळून फोटो काढायला सांगा. इंजिन नंबरचा, पंपाच्या पाटीचा, टायरच्या आकड्याचाही काढा. फोटो एका मोबाईलवर ठेवू नका, मोबाईल विहिरीत पडतात. वहीतही लिहा, आणि एक प्रत मिस्त्रीला द्या. ब्लोअरची पाटी ट्रॅक्टरहून वेगळी असते, तिचा वेगळा फोटो घ्या. छाटणीआधी एक जास्तीचे बेअरिंग, एक पट्टा, एक डिझेल फिल्टर आणि दोन ऑइल सील असा पुडा करून घरात ठेवलात, तर ढगाळ दिवशी सांगली गाठायची वेळ येणार नाही.

इतके करूनही विक्रेता पार्ट देत नसेल, टोलवाटोलवी करत असेल, तर तक्रार करायला कचरू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात शेती यंत्रांचा वेगळा गट आहे. तक्रारीसोबत पावतीचा फोटो, पाटीचा फोटो, हवा असलेला पार्ट नंबर आणि विक्रेत्याकडे तो कोणत्या तारखेला मागितला याची नोंद जोडा. विक्रेत्याकडे तोंडी मागू नका, दोन ओळी लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही-शिक्का घ्या.